लिलावातली गाडी आणि कुर्ल्याची पद्मिनी

५ मे २०२२ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्टला, मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयात, मोजक्या निमंत्रितांसमोर एका गाडीचा लिलाव झाला. हातोडा पडला तो साडेतेरा कोटी युरोंवर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साधारण अकराशे कोटी रुपयांवर. गाडी १९५५ सालची, नाव ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे. अशा दोनच बनल्या. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल मॉंच्या शर्यतीत मर्सिडीजच्या एका गाडीचे तुकडे प्रेक्षकांत घुसले, ऐंशीहून जास्त माणसं दगावली, वर्षअखेरीस कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतलं आणि ही कूपे कुठल्याच शर्यतीत उतरली नाही. दुसरी गाडी कंपनीने स्वतःकडेच ठेवली आहे.

असली बातमी आपल्याकडे आली की शेरा ठरलेला असतो: एवढ्या पैशात किती गावांना पाणी मिळालं असतं! हा शेरा मला कधीच पटलेला नाही. वरळीत एखादा फ्लॅट शेकडो कोटींना गेल्याचं आपण चहाचे घोट घेत निमूट वाचतो, त्या वेळी गावंही आठवत नाहीत आणि पाणीही. आणि या लिलावातले पैसे काही हवेत विरले नाहीत. एका श्रीमंताच्या खात्यातून निघाले आणि पर्यावरण-संशोधनाच्या शिष्यवृत्त्यांसाठी कंपनीने काढलेल्या निधीत गेले. रागावायचंच असेल तर कारण दुसरं शोधावं लागेल.

मला त्या बातमीतलं शेवटाकडचं एक वाक्य महत्त्वाचं वाटतं. खरेदीदाराचं नाव जाहीर झालं नाही, पण खास प्रसंगी ही गाडी लोकांना बघायला मिळेल एवढं त्याने कबूल केलं. अकराशे कोटी मोजूनही मालकी संपूर्ण आपली नाही, हे त्याने मान्य केलं. मुंबईत, जिथे जुन्या गाड्यांचा शौक पिढ्यानपिढ्यांचा आहे आणि गेल्या काही वर्षांत त्यांचे ऑनलाइन लिलावही होऊ लागले आहेत, तिथे हे वाक्य कुणी कुणाकडून लिहून घेत नाही. ते घेतलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आणि ते कुणाच्या खिशात हात न घालता घेता येतं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. एवढे पैसे कशाचे मोजतात? वेगाचे नक्कीच नाहीत. आजची मध्यम किमतीची इलेक्ट्रिक गाडीसुद्धा सिग्नलवरून सुटताना कित्येक जुन्या स्पोर्ट्‌स कारना मागे टाकेल. दुर्मिळता हे उत्तरही अर्धंच आहे. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते ६४ या काळात छत्तीसच्या आसपास बनल्या आणि त्यातल्या एकीला २०१८ साली अमेरिकेतल्या मॉन्टेरेच्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर आले. पण शंभरात एक उरलेल्या कितीतरी गाड्या आहेत, ज्यांना कुणी विचारत नाही. खरी किंमत असते ती मूळपणाची. इंजिनावरचा नंबर कारखान्यातून निघताना होता तोच आहे का, चॅसीची, म्हणजे सांगाड्याची, पट्टी त्याच रिव्हेटांनी ठोकलेली आहे का, काचेवर त्या वेळच्या कंपनीची खूण आहे का, असले प्रश्न तिथे विचारले जातात.

लालबागच्या एका गॅरेजात हे मी फार जवळून बघितलं. गाडी काही फेरारी नव्हती. पन्नासच्या दशकातली एक छोटी ब्रिटिश टू-सीटर, कुणाच्या तरी आजोबांची. मालकाला ती चकाचक करून हवी होती. म्हातारे मिस्त्री बराच वेळ तिच्याभोवती नुसतेच फिरत राहिले. मग त्यांनी डिकीतलं फाटकं रबरमॅट उचललं, खालच्या पत्र्यावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि मला बोलावलं. बाहेरून गाडी लाल होती. खाली कारखान्यातला फिकट हिरवा रंग तसाच, जाळीदार तडे गेलेला, आणि त्यावर खडूने कुणीतरी ओढलेला अर्धा आकडा. ‘हा रंग बघ,’ ते म्हणाले, ‘वरचा काय, कोणीपण मारतो.’ मग दाराच्या खालच्या कडेला नखाने टकटक केलं. तिथला आवाज बदलला, बद्द झाला. आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती, बोटभर. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा कुठून खातो ते त्यांना पाठ होतं. मालक आला तेव्हा त्यांनी त्याला सांगून पाहिलं की हिरवा रंग जेवढा वाचवता येईल तेवढा वाचवू. तो हसला आणि मेटॅलिक शेडचं कार्ड मागितलं.

आपल्याकडे हेच होतं. जुनी वस्तू म्हणजे घासूनपुसून नवी केलेली वस्तू, ही आपली समजूत. देवळाच्या दगडाला ऑइलपेंट फासणारे आपण, गाडीला काय सोडणार! आणि आता जग उलट दिशेने चाललं आहे. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत वर्षानुवर्षं पहिला मान मिळायचा तो काच लावल्यासारख्या झळझळीत, नव्याने घडवलेल्या गाड्यांना. २०२४ साली पहिल्यांदाच तो मान गेला एका जशाच्या तशा जपलेल्या गाडीला: १९३४ ची बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्‌स, कधीकाळी बेल्जियमच्या राजाकडे असलेली, काळा रंग जागोजागी विरलेला. तो विरलेला रंग म्हणजेच तिचे कागदपत्र होते. मेटॅलिक शेड मारली की तेच जातात.

म्हणून लिलावाला मी शिव्या देत नाही. भाव आला की माणूस वस्तूला हात लावण्याआधी विचार करतो. भाव नव्हता तेव्हा काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली, पुढे तनखेही गेले, आणि राजवाड्यांच्या पागांतून गाड्या निघाल्या त्या मिळेल त्या किमतीला. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३५ ची डुसेनबर्ग मागवली होती, अमेरिकन चॅसीवर लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली बॉडी, केशरी आणि काळ्या रंगाची. मराठी दौलतीतली ही गाडी आज भारतात नाही. नाभा संस्थानाकडे गेलेली हंसाच्या आकाराची ब्रूक, जिच्या चोचीतून वाफ निघायची आणि जिने १९१० च्या सुमारास कलकत्त्याचे रस्ते अडवले होते, ती आता हेगच्या लाउमन संग्रहालयात उभी आहे. राजकोटची १९३४ ची रोल्स-रॉइस फँटम, ‘स्टार ऑफ इंडिया’, १९६८ मध्ये देशाबाहेर गेली आणि काही दशकांनी त्याच घराण्याने परदेशातून परत आणली, अर्थातच लिलावाच्या भावाने. विकताना आपण भंगारवाल्यासारखे वागलो आणि परत घेताना सराफासारखी किंमत मोजली. हेगची ब्रूक निदान कुणीही तिकीट काढून बघू शकतो, हे मात्र कबूल करायला हवं. मुंबईतल्या एखाद्या टॉवरच्या पोडियमखाली कव्हर घालून झोपलेल्या गाडीबद्दल तेवढंही म्हणता येत नाही.

इथे मला फ्रान्समधल्या म्युलूझची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती गिरण्यांची गोष्ट आहे आणि गिरणगावच्या माणसाला ती लगेच कळेल. हान्स आणि फ्रिट्‌झ श्लुम्फ हे दोघे भाऊ. लोकरीच्या सूतगिरण्यांचे मालक. धाकट्याला बुगाटीचं वेड. साठच्या दशकात त्यांनी युरोपभरातून आणि अमेरिकेतून गाड्या गोळा करायला सुरुवात केली, म्युलूझमधल्या एका बंद गिरणीत त्या ठेवल्या, आत रस्त्यासारखे दिवे उभारले, आणि बाहेरच्या माणसाला वारादेखील लागू दिला नाही. चारशेहून जास्त गाड्या. त्यात शंभराहून जास्त बुगाटी, आणि जगात मोजून सहा असलेल्या रॉयल मॉडेलच्या बुगाटींपैकी दोन. मग सत्तरच्या दशकात कापडधंदा कोसळला, गिरण्या बुडाल्या, कामगारांना घरी बसवलं गेलं आणि भाऊ सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये बाझलला निघून गेले.

मार्च १९७७ मध्ये कामगार त्या कुलूपबंद इमारतीत घुसले. पगार थकलेल्या माणसांसमोर चमकणाऱ्या गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या. त्यांनी तोडफोड केली असती तर कुणी आश्चर्य केलं नसतं. केलं काय, तर इमारत ताब्यात घेतली, तिला ‘कामगारांचा कारखाना’ नाव दिलं आणि दोन वर्षं लोकांना आत सोडलं. गाड्या आमच्या घामाच्या आहेत, तेव्हा त्या सगळ्यांनी बघाव्यात, एवढाच त्यांचा मुद्दा. देणेकऱ्यांना तो संग्रह तुकड्यातुकड्याने विकायचा होता. १९७८ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देऊन टाकला, म्हणजे फुटून विकता येणार नाही, देशाबाहेर नेता येणार नाही. पुढे स्थानिक संस्था आणि सरकार मिळून तो विकत घेतला गेला आणि १९८२ च्या उन्हाळ्यात संग्रहालय म्हणून उघडला.

१९८२. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. आपल्या गिरणीमालकांच्या तळघरात बुगाटी नव्हत्या, जमिनी होत्या, आणि त्यांचं काय झालं ते परळ-लोअर परळला उभं आहे. चिमण्या काही ठिकाणी मॉलची शोभा म्हणून ठेवल्या आहेत. दोन्ही शहरांची तुलना इथेच थांबवतो, नाहीतर हा लेख वेगळाच होईल. पण एक गोष्ट तिथून उचलायची आहे: खासगी छंदातून जमलेली वस्तू सार्वजनिक वारसा ठरू शकते, आणि तसं ठरवायला क्रांती लागत नाही, एक सरकारी आदेश पुरतो.

आपल्याकडे असा आदेश आहे का? पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा म्हणतो की विज्ञान, कला, कारागिरी यांची साक्ष देणारी शंभर वर्षांची वस्तू ही पुरावस्तू, आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. राजा रविवर्म्याचं चित्र तर वय न बघता राष्ट्रीय ठेवा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, शंभरी पार केलेली गाडी या व्याख्येत बसावी. पण गाडीकडे त्या नजरेने बघायची आपल्याला सवयच नाही. तलवार म्हटलं की आपण हलतो. रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात निघाली तेव्हा महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाखांना सोडवून आणली, ऑगस्टमध्ये मुंबईत तिचं स्वागत झालं. उत्तम झालं. होळकरांची डुसेनबर्ग उद्या लिलावात आली तर आपल्याकडे कुणी मानही वळवणार नाही, याची मी खात्री देतो. शिवाय तिची बोली लाखांत नसेल.

तेव्हा सरकारने गाड्या विकत घ्याव्यात, असं मी म्हणत नाही. पोलीस चौकीबाहेर गंजत पडलेल्या जप्त गाड्यांची रांग ज्याने पाहिली आहे तो सरकारच्या हातात बुगाटी द्यायला धजावणार नाही. माझी मागणी सरकार आधीच जे देतं आहे त्याच्या मोबदल्याची आहे.

कारण सरकार बरंच देतं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी आणि चारचाकींना वेगळी नोंदणी दिली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला पाच हजार. राज्याची समिती गाडी तपासते आणि मगच व्हिंटेज ठरवते. रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यायची. आयातीचंही तसंच. आधी १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच परवान्याशिवाय देशात येता येई. २०२५ मध्ये ती अट सरकून पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी अशी झाली. म्हणजे साठच्या दशकातल्या, सत्तरीच्या सुरुवातीच्या स्पोर्ट्‌स कारना मुंबई बंदराचं दार उघडलं. पंधरा वर्षं झालेल्या मारुतीवाल्याला फी आणि पर्यावरण कर भरत आरटीओच्या रांगेत उभं राहावं लागतं, हे लक्षात घेतलं तर ही सवलत लहान नाही.

आणि तरीही कायद्याला ही गाडी नक्की काय आहे ते ठरवता आलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयापर्यंत एक प्रकरण गेलं होतं. १९३१ ची फोर्ड टूरर, १९८३ मध्ये वीस हजारांना घेतलेली, पुढे एकवीस लाखांना विकलेली. मालक म्हणाला, गाडी ही वैयक्तिक वापराची वस्तू, तिच्या नफ्यावर कर कसला? न्यायालय म्हणालं, वापरता येण्याजोगी असणं पुरेसं नाही, प्रत्यक्ष वापरली हे दाखवा. ते दाखवता आलं नाही. निकाल मला योग्यच वाटतो. मात्र त्यातून एक गंमत निघते. वापरलीत तर ती तुमची खासगी वस्तू, आणि २०२१ चा नियम सांगतो की रोजच्या वापरात आणू नका. मग ती प्रदर्शनाचीच वस्तू झाली की! नियमाने जिला प्रदर्शनासाठी रस्त्यावर सोडलं, ती प्रदर्शनात दिसायला नको का?

एवढंच करा. ज्या गाडीला ‘व्हीए’ नंबर हवा, किंवा जी या सवलतीवर आयात झाली, तिची नोंद लोकांना बघता येईल अशी खुली ठेवा. मालकाचं नाव-पत्ता नको, तो त्याचा खासगी मामला. बनावट, साल, चॅसी नंबर, इंजिन नंबर, बॉडी कुणी बांधली, रंग मूळ की नवा, आणि समितीने काढलेले फोटो, एवढं बस. माहिती समितीकडे जमा होतेच, नव्याने काही करायचं नाही. आणि वर्षातून दोन-तीन दिवस ती गाडी लोकांसमोर आली पाहिजे. हॉर्निमन सर्कलला रविवारी सकाळी व्हिंटेज रॅली निघते तेव्हा बॅरिकेडला टेकून उभी असलेली गर्दी बघा. डोंबिवलीहून पहिल्या लोकलने आलेला बाप मुलाला खांद्यावर घेऊन बॉनेटमध्ये डोकावत असतो. कॉलेजची पोरं सेल्फी काढतात, ठीक आहे, काढोत. इंजिनिअरिंगची चार पोरं कार्बोरेटरकडे बोट दाखवून वाद घालत असतात, ती मला जास्त आवडतात. हौसेने गाड्या आणणारे मालकही पुष्कळ आहेत आणि ते मनापासून समजावून सांगतात. माझा नियम त्यांच्यासाठी नाहीच, तो कव्हर न उघडणाऱ्यांसाठी आहे.

यावर शौकिनांचा आक्षेप मी ऐकलेला आहे. नोंद खुली झाली की चोर आणि आयकरवाले दोघेही येतील. चोरांचं म्हणाल तर पत्ता दिला नाही की प्रश्न मिटतो. शिवाय जगात एकच असलेली गाडी चोरून विकणार कुणाला? उलट खुल्या नोंदीमुळे बनावट चॅसीपट्ट्या ठोकून ‘मूळ’ म्हणून खपवलेल्या गाड्या उघड्या पडतील, म्हणजे प्रामाणिक मालकाचाच भाव वाढेल. आयकरवाल्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे, आणि तो लिलावापर्यंत कधी पोचणारच नाही अशा गाड्यांचा आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघाली आणि पुढे तिचीच पद्मिनी झाली. ‘काळी-पिवळी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत पासिंग झाली होती. वीस वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. त्याच्या महिना-दीड महिना आधीच बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर गेली होती. एखादी तरी पद्मिनी जपून ठेवा, असा अर्ज टॅक्सीवाल्यांच्या युनियनने सरकारकडे केला होता. काही झालं नाही.

नियमांची कात्री इथे दिसते. टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षं, वारसा ठरायला पन्नास. मधली तीस वर्षं गाडीने कुठे काढायची? फेरारीला हा प्रश्न पडत नाही, तिच्यासाठी वातानुकूलित गॅरेज असतं. पद्मिनीला विसाव्या वर्षी भंगारवाला गाठतो, आणि १९९९ च्या पद्मिनीला २०४९ मध्ये ‘व्हीए’ नंबर द्यायला समिती येईल तेव्हा तपासायला पत्राच नसेल. बाजार तिला वाचवणार नाही, कारण आज तिला भाव नाही. संस्थानिकांच्या गाड्यांचं साठ-सत्तर वर्षांपूर्वी जे झालं तेच टॅक्सीचं होतं आहे, फरक इतकाच की या वेळी परदेशात नेऊन जपणारं गिऱ्हाईकसुद्धा नाही. सार्वजनिक पैसा खर्चायचा असेल तर तो इथे खर्चावा. रेल्वेने केलंच ना. सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत जुनी इंजिनं उभी आहेत आणि प्लॅटफॉर्मकडे धावताना माणूस क्षणभर तिकडे बघतो.

‘व्हीए’ नोंदणीच्या फीमधून आणि आयातीच्या करातून काही वाटा बाजूला काढला तर मीटरसकट एक काळी-पिवळी, तिच्या कॅरिअरसकट, टपावरच्या दिव्यासकट, सहज ठेवता येईल. खासगी नंबरच्या पद्मिनी अजून चेंबूर-माटुंग्याच्या बिल्डिंगांखाली उभ्या आहेत; टॅक्सी मात्र मूळ टॅक्सीच हवी, पांढरी गाडी काळी-पिवळी रंगवून चालणार नाही. जुन्या टॅक्सींचे मीटर, पाट्या, सीटची कव्हरं अजून चोरबाजारात सापडतात. डेंटर आहेत, इंजिनाचं बोअरिंग करणारे आहेत, बहुतेक साठीच्या पुढचे. परिवहन खात्याने हे काम हाती घ्यायचं तर ते त्यांच्या हयातीत घ्यावं लागेल, आणि मिस्त्रींना पहिली सूचना ही द्यावी लागेल की वरचा रंग खरवडू नका.